सापळ्यातली फळमाशी नेमकी कोणती? भिंगाखाली ओळख पटवण्याची रीत

मिथिल युजेनॉल या वासाच्या आमिषाच्या सापळ्यात सापडली, म्हणजे बॅक्ट्रोसेरा डॉर्सॅलिस जातीची फळमाशी. हे समीकरण इतकं पक्कं बसलंय की विद्यार्थ्यांच्या अहवालापासून बागेतल्या वहीपर्यंत सगळीकडे तीच एक नोंद दिसते. पण त्याच वासाला बॅक्ट्रोसेरा झोनाटा आणि बॅक्ट्रोसेरा करेक्टा याही येतात, आणि पेरू-चिकूच्या आसपास टांगलेल्या सापळ्यात तिन्ही एकत्र मिळणं मुळीच नवलाचं नाही. दुसरीकडे, काकडी-कारल्याच्या मळ्यात आंब्याचाच ल्युअर (वासाचं आमिष), म्हणजे मिथिल युजेनॉल, लावून ‘आमच्याकडे माशी नाही’ असं छातीठोकपणे सांगणारेही भेटतात.

खालची रीत आपल्याकडे नेहमी लागणाऱ्या सहा जातींसाठी आहे. फळांवरच्या डॉर्सॅलिस, झोनाटा आणि करेक्टा. वेलवर्गीय भाज्यांवरच्या झ्यूगोडॅकस कुकर्बिटी, झ्यूगोडॅकस टाऊ आणि डॅकस सिलिएटस. जुन्या तक्त्यांत कुकर्बिटी आणि टाऊ या बॅक्ट्रोसेरा किंवा त्याहून जुन्या डॅकस नावाखाली असतात. माशा त्याच. तसंच जुन्या परदेशी पुस्तकातून ‘इन्व्हेडन्स’ किंवा ‘पपायी’ अशी नावं उचलू नका. २०१५ पासून ती डॉर्सॅलिसमध्येच धरली जातात.

साहित्य फार लागत नाही: निदान १० पटीचं भिंग (२० पटीचं असेल तर उत्तम), टोकदार चिमटा, पांढरा जाड कागद, बारीक सुई, पेन्सिल आणि बाजूने प्रकाश टाकता येईल असा दिवा. महाविद्यालयात स्टिरिओ सूक्ष्मदर्शक असेल तर काम निम्म्यावर येतं, पण त्यावाचून अडत नाही.

१. सापळ्यापाशीच नीट सुरुवात करा

ओळखीतल्या निम्म्या चुका सापळा उतरवतानाच होतात. माशी महिनाभर सापळ्यात पडून राहिली, वरून पावसाचं पाणी शिरलं, की पिवळे पट्टे मळकट होतात, पंख एकमेकांना चिकटतात. मुंग्या लागल्या तर डोकं आणि पोट आधी जातं आणि उरते ती नुसती छाती. म्हणून आठवड्याला एकदा सापळा रिकामा करा. टांगलेल्या तारेला ग्रीस लावलं की मुंग्यांचा बराचसा त्रास थांबतो.

दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा ‘रक्षक’ सापळा असो की बाजारातला कुठलाही, चिठ्ठी मात्र तिथेच, झाडाखालीच लिहायची. गाव, तालुका, पीक, तारीख, सापळ्याचा क्रमांक आणि ल्युअर कोणता. पेन्सिलीने लिहा. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते आणि घरी आल्यावर हातात कोरी चिठ्ठी उरते.

इशारा: मिथिल युजेनॉल आणि क्यू ल्युर (वेलवर्गीय भाज्यांवरच्या माश्यांसाठीचं आमिष) एकाच हातमोज्याने हाताळू नका, एका डब्यात ठेवू नका. वास एकमेकांत मिसळला की आंब्याच्या सापळ्यात कुकर्बिटी दिसू लागते आणि मग त्यावर नको ते निष्कर्ष निघतात.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. हे दोन्ही ल्युअर नरांनाच ओढतात. मिथिल युजेनॉलला डॉर्सॅलिस, झोनाटा आणि करेक्टा. क्यू ल्युरला कुकर्बिटी आणि टाऊ. सिलिएटस दोन्हींपैकी कशालाच येत नाही. ती हवी असेल तर किडलेलं फळच घरी आणावं लागतं.

२. अळी मिळाली असेल तर माशी होईपर्यंत थांबा

फळात अळी दिसली की लगेच जात विचारणारे पुष्कळ. अळीवरून जात सांगणं आपल्या साधनांत बसत नाही, त्यामुळे तो नाद सोडा. एवढं मात्र बघता येतं की पूर्ण वाढलेली फळमाशीची अळी अंग वाकवून टुणकन उडी मारते. सडक्या फळातल्या चिलटांच्या अळ्या तशा उडत नाहीत.

किडलेलं फळ रुंद तोंडाच्या बरणीत ठेवा. खाली दोन बोटं जाडीची कोरडी, चाळलेली वाळू किंवा लाकडाचा भुसा, वर मलमलचं फडकं रबराने घट्ट. फळाला सुटणारं पाणी वाळूत साचलं तर कोष कुजतात, म्हणून फळ जाळीवर ठेवलेलं बरं. एका बरणीत एकाच जातीची आणि एकाच बागेतली फळं. अळ्या वाळूत उतरून कोषात जातात आणि आपल्या उन्हाळ्यात साधारण आठ-दहा दिवसांत माश्या बाहेर येतात. थंडीत जास्त वेळ लागतो.

मग सगळ्यात मोठी चूक होते: माशी बाहेर आली की लगेच मारतात. नुकती निघालेली माशी फिकट असते. पाठीवरचा काळा रंग भरलेला नसतो, पोटावरची खूण धड उमटलेली नसते. अशी डॉर्सॅलिस तांबूस दिसते आणि झोनाटा म्हणून वहीत जाते. निदान चार-पाच दिवस तिला जिवंत ठेवा. साखरेचे दाणे आणि पाण्यात भिजवलेला कापसाचा बोळा एवढं पुरतं. रंग पक्का झाला की फ्रीजरमध्ये ठेवून मारा.

तपासा: अंग दाबल्यावर मऊ लागतंय, पंख दुमडलेले किंवा दुधाळ दिसतायत? मग माशी अजून कच्ची आहे.

३. नमुना पाहण्याजोगा करा

सापळ्यात शेकडो माश्या असल्या तर सगळ्या भिंगाखाली घालत बसू नका. कागदावर ओतून हलक्या हाताने मिसळा आणि त्यातल्या ५० डोळे मिटून उचला. मोठ्या, ठसठशीत माश्या निवडून घेतल्या तर करेक्टा हमखास सुटते, कारण तिघींत तीच लहान.

अल्कोहोलमध्ये ठेवलेल्या माशीचा पिवळा रंग हळूहळू पांढुरका होत जातो. रंग पाहायचा असेल तर काही नमुने कोरडे ठेवा, बाकीचे ७० टक्के अल्कोहोलमध्ये. डीएनए तपासणीची शक्यता असेल तर ९५ टक्क्यांहून तीव्र अल्कोहोल आणि फ्रीजर.

कोरडा नमुना टाचणीवर लावताना टाचणी पाठीच्या मधोमध घुसवू नका. मधला पिवळा पट्टा असतो तो नेमका तिथेच, आणि टाचणीचं भोक पडल्यावर पट्टा होता की नव्हता ते कळायला मार्ग उरत नाही. टाचणी उजव्या बाजूला टोचा, डावी बाजू अखंड राहू द्या. त्याहून सोपं म्हणजे जाड कागदाचा छोटा त्रिकोण कापून त्याच्या टोकावर माशीची उजवी बाजू डिंकाच्या थेंबाने चिकटवणं. थेंब अगदी छोटा हवा. तो पंखाच्या कडेवर पसरला की तिथली खूण गेली.

४. आधी ही फळमाशीच आहे ना?

ही पायरी लोकांना अपमानास्पद वाटते, पण सापळ्यात गांधीलमाश्या, घरमाश्या आणि चिलटंही पडतात. शाळेच्या पुस्तकातली ‘फळमाशी’ म्हणजे ड्रोसोफिला, ते चिलट. तिचा इथे संबंध नाही.

पंख दोनच आहेत का ते पाहा. गांधीलमाशीला चार असतात, आणि पिवळ्या-तांबूस डॅकसच्या बाबतीत हा घोळ खरोखर होतो. मग पंखाच्या पुढच्या कडेजवळची दुसरी बारीक शीर पाहा: फळमाशीत ती कडेपर्यंत पोचण्याआधी एकदम काटकोनात वर वळते. हे दिसायला २० पटीचं भिंग लागतं. पोटाच्या टोकाला अंडी घालण्याची नळी दिसली तर मादी. ती नसेल आणि पोटाच्या तिसऱ्या खंडाच्या दोन्ही बाजूंना ताठ काळ्या केसांची फणी असेल तर नर.

तपासा: ल्युअरच्या सापळ्यात मादीच जास्त भरल्या असतील तर काहीतरी चुकलंय. एक तर लिंग ओळखण्यात, नाहीतर चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली आहे.

५. पाठीवरचे पिवळे पट्टे मोजा

क्रम इथून पक्का पाळायचा: आधी पाठ, मग पंख, मग चेहरा, आणि पोट शेवटी. बहुतेक जण उलटं करतात. पोटावरची काळी खूण मोठी आणि ठळक असते, नजर तिथेच जाते. पण तीच सगळ्यात जास्त बदलते.

माशी पालथी ठेवा, डोकं आपल्यापासून लांब. छातीच्या पाठीवर मध्यावर एक आडवी घडी दिसेल. आपल्याला मोजायचेत ते या घडीपासून मागे, पोटाच्या दिशेने जाणारे पिवळे उभे पट्टे. घडीच्या पुढे खांद्यावर आणि घडीच्या दोन्ही टोकांना पिवळे ठिपके असतात, ते यात धरायचे नाहीत. नवखा माणूस हमखास तेही मोजतो आणि ‘चार पट्टे, पाच पट्टे’ असं काहीतरी लिहून मोकळा होतो.

– दोन्ही कडांना एकेक, मध्ये काही नाही, म्हणजे दोन पट्टे: डॉर्सॅलिस, झोनाटा किंवा करेक्टा. पुढच्या पायरीवर जा.
– कडांना दोन आणि मधोमध एक, म्हणजे तीन पट्टे: कुकर्बिटी किंवा टाऊ.
– घडीमागे एकही पट्टा नाही, अंग तांबूस-पिवळं, माशी लहान: डॅकस सिलिएटस. खात्रीसाठी पोट पाहा. डॅकस वंशात पोटाचे वरचे खंड एकमेकांत जुळून एकसंध कवच झालेलं असतं. सुईच्या टोकाने हलकं दाबलं की ते एका तुकड्याने हलतं.

इशारा: पाठीचा रंग काळा की तांबूस, हा निकष या पायरीवर वापरू नका. डॉर्सॅलिसची पाठ बहुधा काळी असते, पण तिच्यात तपकिरी, अगदी तांबूस पाठीचे नमुनेही निघतात. रंगावरून सुरुवात केली की पुढचं सगळं त्या रंगात बसवलं जातं.

तीन पट्टे दिसले तर कुकर्बिटी आणि टाऊ इथेच सोडवून टाका. स्क्युटेलम, म्हणजे छातीच्या मागच्या टोकाला असलेला पिवळा त्रिकोणी तुकडा, त्याच्या कडेवरचे लांब काळे केस मोजा. टाऊत चार, कुकर्बिटीत सहसा दोन. केस गळतात, म्हणून गळलेल्या केसाचा खळगाही मोजायचा. मग पंख पाहा. टोकाशी मोठा तपकिरी डाग दोघींनाही असतो. पण कुकर्बिटीत पंखाच्या मागच्या अर्ध्या भागातली आडवी शीरही धुरकट तपकिरी पट्ट्याने झाकलेली असते, टाऊत ती स्वच्छ असते. केस आणि शीर यांचं म्हणणं जुळलं नाही तर शिरेचं ऐका. कुकर्बिटीत क्वचित चार केसही मिळतात.

तीन पट्टे आहेत, पण चेहऱ्यावर दोन ठिपक्यांऐवजी सलग आडवी काळी रेघ आहे, अशी माशी मिळाली तर ती या सहांपैकी नाही. ती बाजूला ठेवा.

६. पंखाची पुढची कड: अखंड की तुटलेली?

दोन पट्टेवाल्या तिघींसाठी सगळा निकाल इथे अर्धा लागतो, म्हणून या पायरीला वेळ द्या.

मिटलेल्या पंखांवर हे पाहायचंच नाही. एकावर एक पडलेले दोन पंख, त्यांच्याखालून दिसणारे काळे पाय, यातून कुठलीही रेघ ‘दिसू’ शकते. एक पंख चिमट्याने मुळापासून अलगद काढा, पांढऱ्या कागदावर अल्कोहोलच्या थेंबात पसरा आणि सुईने सपाट करा. पुढची कड म्हणजे जाड शीर असलेली कड. तिच्या मध्याच्या आसपास एक छोटा पिवळसर-तपकिरी चट्टा असतो. तिथून पंखाच्या टोकाकडे भिंग हळूहळू सरकवा.

डॉर्सॅलिसमध्ये त्या चट्ट्यापासून पंखाच्या टोकाच्या पलीकडेपर्यंत अरुंद तपकिरी पट्टा न तुटता जातो. झोनाटा आणि करेक्टात तो मध्येच नाहीसा होतो, कड काचेसारखी स्वच्छ राहते आणि अगदी टोकाशी वेगळा तपकिरी ठिपका उमटतो. अखंड असेल तर डॉर्सॅलिस, तुटलेला असेल तर पुढची पायरी.

इथल्या ठरावीक चुका तीन. म्हाताऱ्या माशीच्या पंखाचं टोक झिजून फाटलेलं असतं. ठिपका होता की नाही हे मग सांगता येत नाही, तेव्हा दुसरा पंख पाहा, तोही फाटका असेल तर नमुना सोडा. दुसरी चूक म्हणजे डॉर्सॅलिसचा फिकट पट्टा तुटलेला समजणं. पिवळ्या दिव्याखाली हे फार होतं, म्हणून दिवसाच्या उजेडात परत पाहा. तिसरी म्हणजे फक्त टोक पाहणं. टोकाशी तपकिरी रंग तिघींनाही असतो. तो टोकापर्यंत कसा पोचला, सलग की उडी मारून, हे महत्त्वाचं.

७. चेहरा: ठिपके वेगळे की भिडलेले?

वाळलेल्या माशीचं डोकं खाली झुकतं आणि दोन्ही स्पर्शिका चेहऱ्यावर लोंबतात, नेमक्या पाहायच्या जागेवर. म्हणून माशी कागदाच्या घडीत उभी टेकवा, डोकं आपल्याकडे. दिवा समोरून नको, बाजूने. समोरचा प्रकाश चकाकतो आणि पिवळा चेहरा पांढरा दिसतो. सुईच्या टोकाने स्पर्शिका वर उचला, ओढू नका. त्यांच्याखाली दोन खोलगट जागा आहेत, काळे ठिपके असतात ते तिथे.

झोनाटात दोन गोलसर, सुटे ठिपके. मध्ये पिवळी जागा स्पष्ट दिसते. करेक्टात ठिपके आडवे ताणलेले असतात आणि मध्याकडे येत एकमेकांना जवळजवळ भिडतात. कधी तर एकच आडवी काळी पट्टी वाटते. आता पाठीचा रंग जोडीला घ्यायला हरकत नाही: झोनाटाची पाठ तांबूस-तपकिरी, करेक्टाची बव्हंशी काळी. पंख तुटक, ठिपके सुटे, पाठ तांबूस: झोनाटा. पंख तुटक, ठिपके भिडलेले, पाठ काळी: करेक्टा.

करेक्टा आणि डॉर्सॅलिस यांची जी सरमिसळ होते ती या काळ्या पाठीमुळेच. ‘काळी पाठ, दोन पट्टे, पोटावर टी (इंग्रजी T अक्षरासारखी काळी खूण)’ इथपर्यंत दोघी सारख्याच आहेत. सहावी पायरी गाळली की करेक्टा डॉर्सॅलिसच्या खात्यात जमा झालीच म्हणून समजा.

तपासा: स्पर्शिकांची सावली ठिपक्यावर पडली तर तो मोठा आणि आडवा दिसतो. दिवा दुसऱ्या बाजूला नेऊन पुन्हा पाहा. आकार बदलला तर ती सावली होती.

८. पोट आणि पाय: फक्त पुरावा म्हणून

डॉर्सॅलिस आणि करेक्टाच्या पोटावर काळा ‘टी’ असतो: तिसऱ्या खंडावर आडवी पट्टी, तिच्या मध्यातून मागे उभी रेघ. झोनाटात तो धड पुरा नसतो, काळेपणा तुटक असतो. टीची जाडी नमुन्यागणिक बदलते, ती मोजत बसू नका. आधीच्या पायऱ्यांनी दिलेलं नाव आणि टी यांचा मेळ बसतो का, एवढंच पाहा.

पाय मात्र विसरू नका. पट्टे दोन, पंखाचा पट्टा अखंड, म्हणजे सगळं डॉर्सॅलिससारखं, पण मांड्यांवर मोठे काळे डाग: ही डॉर्सॅलिस म्हणून नोंदवायची नाही. दक्षिण भारतात बॅक्ट्रोसेरा कॅरिए नावाची जवळची नातलग आहे, तीही मिथिल युजेनॉलला येते. डॉर्सॅलिसचे पाय बहुतांश पिवळसर असतात. दक्षिण कोकण, गोवा आणि बेळगावकडच्या सापळ्यांत ही पायांची तपासणी गाळू नये.

९. नोंद कशी करायची आणि कुठे थांबायचं

प्रत्येक नमुन्यापुढे जातीच्या नावाआधी खुणा लिहा: पट्टे किती, पंखाची कड कशी, ठिपके कसे, टी आहे का, मांड्या कशा. नाव शेवटच्या रकान्यात. नाव आधी लिहिलं की खुणा त्याच्या मागे फरपटत येतात.

पंख फाटका, डोकं नाही, पाठ चिखलाने माखलेली अशा नमुन्यापुढे ‘बॅक्ट्रोसेरा, जात अनिश्चित’ लिहायचं आणि पुढे जायचं. ५० मध्ये अशा काही निघणारच. एकही अनिश्चित नसलेला अहवाल आला तर मी तरी तो परत पाठवीन.

पीक पाहून नाव ठरवू नका. पेरूवर डॉर्सॅलिसही येते, झोनाटाही, करेक्टाही. पीक चिठ्ठीवर असतं ते माहिती म्हणून.

शंकेचा नमुना तज्ज्ञांकडे पाठवायचा असेल तर आधी जवळच्या कृषी विद्यापीठाचा कीटकशास्त्र विभाग गाठा. बेंगळुरूचा राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्यूरो हे देशपातळीवरचं ठिकाण. पाठवण्यापूर्वी फोन करून त्यांना नमुना कसा हवा ते विचारा. एक माशी पाठवू नका. त्याच सापळ्यातल्या पाच-सहा पाठवा, काही कोरड्या, काही अल्कोहोलमध्ये, आणि जमल्यास किडलेल्या फळातून वाढवलेली एखादी मादी. जवळच्या जातींमध्ये मादीच्या अंडी घालण्याच्या नळीची लांबी आणि टोकाचा आकार कामाला येतो, आणि ल्युअरच्या सापळ्यातून ती मिळत नाही.

सोबत फोटो चारच, पण नीट: पाठ वरून, चेहरा समोरून, पाय दिसतील असा एका बाजूने, आणि कागदावर पसरलेला सुटा पंख. मोबाईलला क्लिपवाली मॅक्रो लेन्स पुरते. प्रत्येक फोटोत कडेला मिलिमीटरची पट्टी असू द्या आणि रंग सुधारणारी सगळी फिल्टर बंद ठेवा.